सोळाव्या मजल्यावरची तलवार: रोगलाइक गेमसाठी सुधारणा सुचवण्याची माझी पद्धत

शॅटर्ड पिक्सेल डन्जन हा रोगलाइक गेम, म्हणजे मेलात की पहिल्यापासून सुरू होणारा भुयारातला खेळ, खेळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा क्षण येतो. पंधरा मजले उतरलात, मिळालेले अपग्रेड स्क्रोल (वस्तू कायमची बळकट करणाऱ्या गुंडाळ्या) एका साध्या तलवारीत ओतलेत, आणि सोळाव्या मजल्यावरच्या पेटीतून ग्रेटस्वोर्ड, म्हणजे वरच्या दर्ज्याची तलवार, निघते. कोरी, एकही अपग्रेड नसलेली. हातातली टाकवत नाही आणि समोरची उचलून उपयोग नाही. अशा वेळी आपण मनात गेम सुधारायला लागतो: ‘इथे असं काहीतरी हवं होतं राव.’

या ‘असं काहीतरी’चं काय करायचं, त्याबद्दल हा लेख आहे. गेल्या काही वर्षांत मी अशा बऱ्याच कल्पना लिहून काढल्या. त्यातल्या बहुतेक भिकार निघाल्या, दोन-तीन बऱ्या होत्या. भिकार निघालेल्यांचं कारण जवळजवळ नेहमी एकच: मला काय हवंय ते मी लिहिलं होतं, पण त्यामुळे खेळणाऱ्यासमोर कोणता निर्णय येईल किंवा कोणता निर्णय नाहीसा होईल, याचा विचारच केला नव्हता. रोगलाइक हा निर्णयांचा खेळ आहे. मेलात की सगळं पहिल्यापासून, म्हणून प्रत्येक निर्णयाला वजन असतं. सुधारणेने ते वजन कमी झालं तर ती सुधारणा नव्हे, सवलत आहे.

आधी गेमची माहिती, थोडक्यात

उदाहरणासाठी मी शॅटर्ड घेतोय. तो मोबाइलवर चालतो आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. मूळ पिक्सेल डन्जन वाताबू या नावाने काम करणाऱ्या ओलेग डोल्या यांचा, २०१२ सालचा. २०१४ मध्ये त्यांनी कोड खुला केला आणि त्याच वर्षी एव्हन डेबेनहॅम यांनी त्यातून शॅटर्ड काढला, जो ते आजही वाढवत आहेत. गटार, तुरुंग, गुहा, बुटक्यांचं शहर आणि राक्षसांची दालनं असे पाच भाग, प्रत्येकी पाच मजले, दर पाचव्या मजल्यावर बॉस. सव्विसाव्या मजल्यावर ॲम्युलेट ऑफ येंडॉर, म्हणजे ज्याच्यासाठी उतरायचं तो ताईत. हे नाव थेट १९८० च्या ‘रोग’मधून आलंय, ज्याच्यावरून या सगळ्या गोतावळ्याला रोगलाइक म्हणतात.

सुधारणा सुचवणाऱ्याने एक हिशेब तोंडपाठ ठेवावा: गेम दर पाच मजल्यांत किमान ३ अपग्रेड स्क्रोल आणि २ स्ट्रेंग्थ पोशन (प्यायलं की ताकद एकाने वाढते) देतोच. म्हणजे पूर्ण प्रवासात १५ अपग्रेड आणि १० ताकद. नायकाची ताकद १० पासून सुरू होते. गेमची तिजोरी एवढीच. तुमची कल्पना शस्त्राची असो, चिलखताची असो की कांडीची, ती याच तिजोरीतून खर्च करते.

पायरी १: तक्रार लिहा, उपाय नको

एक वही ठेवा. मी फोनमधल्या नोट्समध्ये लिहायचो आणि नंतर ते कधीच उघडून बघायचो नाही, म्हणून शेवटी साधी वही घेतली. प्रत्येक रन, म्हणजे सुरुवातीपासून मरेपर्यंत किंवा जिंकेपर्यंतचा एक डाव, संपल्यावर तीन ओळी: कुठे मेलो, मरण्याआधी शेवटचा खरा निर्णय कोणता होता, आणि तो निर्णय घेताना मला काय माहीत नव्हतं.

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ‘डीएम-३०० ने मारलं’ ही तक्रार नाही, तो बॉसच आहे, त्याने मारायचंच असतं. ‘सोळाव्यावर ग्रेटस्वोर्ड मिळेल हे माहीत असतं तर आठ स्क्रोल तलवारीत घातले नसते’ ही तक्रार आहे, कारण इथे एक निर्णय दिसतो आणि त्याची अडचणही दिसते.

वीस-पंचवीस रन झाल्यावर वही चाळा. एखादी गोष्ट एकदाच आली असेल तर तो तुमचा राग होता. पाच वेळा आली असेल तर पुढच्या पायरीला या.

पायरी २: ती गोष्ट तिथे का आहे, ते शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बहुतेक कल्पना इथेच मरतात आणि त्यांनी इथेच मरणं चांगलं.

भुकेचं घ्या. ‘भूक काढून टाका, नुसती कटकट आहे’ ही कदाचित सगळ्यात जास्त ऐकू येणारी सूचना असेल. गेममध्ये ३०० चालींनंतर भूक लागते, ४५० चालींनंतर उपासमार सुरू होते, आणि अन्नाचं एक पाकीट ३०० चालींची सोय करतं. आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. नायकाचं आरोग्य साधारण दर १० चालींना एकाने भरतं. पहिल्या लेव्हलला (लेव्हल म्हणजे मजला नव्हे, नायक अनुभवाने चढतो ती पायरी) एकूण २० आरोग्य, म्हणजे जवळजवळ मेलेला नायक नुसता बसून राहिला तर २०० चालींत ठणठणीत. पुढे लेव्हलमागे ५ आरोग्य वाढतं. सोळाव्या लेव्हलला ते ९५ होतं आणि बसून बरं व्हायला ९५० चाली लागतात, म्हणजे तीन पाकिटांहून जास्त अन्न.

भूक काढलीत की विश्रांती फुकट झाली. मग प्रत्येक लढाईआधी कोपऱ्यात बसून आरोग्य भरणं हीच शहाणपणाची चाल ठरते, आणि ती कंटाळवाणी आहे. भूक म्हणजे गेमचं घड्याळ. डन्जन क्रॉल स्टोन सूप या दुसऱ्या जुन्याजाणत्या रोगलाइकने २०२१ मध्ये ०.२६ आवृत्तीत भूक खरोखरच काढून टाकली, पण भिंतीवरचं घड्याळ उतरवलं नाही, बदललं: एकाच भागात फार काळ रेंगाळलात तर वेगळ्या मार्गाने किंमत मोजावी लागेल अशी व्यवस्था आणली. तेव्हा भूक नको असेल तर तिच्याऐवजी काय, हे आधी सांगा.

दारांचंही तसंच. शॅटर्डमध्ये शत्रूला तुम्ही दिसत नसताना केलेला वार चुकत नाही. त्यामुळे दारामागे सरकायचं, शत्रू दारात आला की हाणायचं, पुन्हा मागे सरकायचं, असा फुगडीसारखा प्रकार चालतो. ‘हा फसवणुकीचा डाव बंद करा’ असं मीही एकदा तावातावाने लिहिलं होतं. मग लक्षात आलं की पहिल्या पाच मजल्यांवर कमजोर नायकाला नकाशाकडे बघायला हीच गोष्ट शिकवते. दार कुठे आहे, मागे जागा किती, पळायचं कुठे. कंटाळवाणी असते ती दहाव्यांदा केलेली फुगडी. म्हणजे तक्रार दाराची नव्हती, एकाच शत्रूशी तीच चाल पुन्हा पुन्हा चालण्याची होती. एवढा फरक कळला की उपायही लहान होतो.

याउलट, निर्मात्याने काय मुद्दाम बंद केलंय तेही बघा. साधा उंदीर मारून नायक पाचव्या लेव्हलनंतर काहीच शिकत नाही, अनुभवाचे गुण शून्य. प्रत्येक शत्रूला अशी मर्यादा आहे. वरच्या मजल्यावर परत जाऊन उंदीर मारत बसण्याचा मोह होऊ नये म्हणून. तुमच्या कल्पनेमुळे हा मोह मागच्या दाराने परत येत असेल, तर ती नाकारली जाणार हे धरून चाला.

पायरी ३: कागदावर हिशेब

आता तलवारीकडे परत. माझी पहिली कल्पना अशी होती: जुन्या शस्त्रातले सगळे अपग्रेड नव्यात नेता यावेत. ऐकायला न्याय्य वाटते. कागद घ्या.

शस्त्रांचे पाच दर्जे आहेत. किमान मार म्हणजे दर्जा अधिक अपग्रेड. कमाल मार म्हणजे दर्ज्यात एक मिळवून पाचने गुणायचं, आणि प्रत्येक अपग्रेडमागे पुन्हा दर्जा अधिक एक. तलवार तिसऱ्या दर्ज्याची: ३ ते २०. आठ अपग्रेड घातलेली तलवार: ११ ते ५२, सरासरी ३१.५. ग्रेटस्वोर्ड पाचव्या दर्ज्याची: कोरी असताना ५ ते ३०, सरासरी १७.५. शिवाय तिला १८ ताकद लागते. तीन भाग पार करून सगळी पोशन प्यायलेल्या नायकाकडे १६ असते. दोनाची तूट म्हणजे नेम आणि वेग दोन्ही घसरतात. म्हणून ती पेटीतच राहते.

आठही अपग्रेड नेले तर? १३ ते ७८, सरासरी ४५.५. एका क्षणात मार जवळजवळ दीडपट. त्यात अपग्रेडमुळे शस्त्राची ताकदीची गरजही उतरते (पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या अपग्रेडला एकेकाने), म्हणजे ती १५ वर येते आणि ताकदीचा अडथळाही संपतो. अशा वेळी कोणता वेडा नाही म्हणेल? आणि जिथे कोणीच नाही म्हणणार नाही, तिथे निर्णय उरत नाही, नुसतं बटण उरतं. एवढंच नाही, पहिल्या मजल्यापासून ‘स्क्रोल कुठे घालू’ हा गेममधला सगळ्यात मोठा प्रश्नही मेला. कुठेही घाला, नंतर हलवता येतात.

मग निम्मे नेले तर? चार अपग्रेडची ग्रेटस्वोर्ड: ९ ते ५४. सरासरी ३१.५. ताकदीची गरज १६. हे दोन्ही आकडे जुळलेले बघून मी वहीत मोठं वर्तुळ काढलं होतं. आत्ता आहे तेवढाच मार, आणि नायकाच्या ताकदीत बरोबर बसणारी.

पण वर्तुळ काढायची घाई झाली. नायकाची ताकद शस्त्राच्या गरजेपेक्षा जास्त असेल तर त्या जास्तीच्या ताकदीचाही मार मिळतो, शून्यापासून त्या फरकापर्यंत. आठ अपग्रेडच्या तलवारीला फक्त ११ ताकद लागते, म्हणजे ५ शिल्लक, म्हणजे सरासरी आणखी २.५. खरी तुलना ३४ विरुद्ध ३१.५. अदलाबदल केलीत तर आज तोटा.

उद्याचं बघू. उरलेले सहा स्क्रोल आणि चार पोशन शेवटपर्यंत मिळाले, सगळे शस्त्रातच घातले असं धरा. तलवार चौदावर: १७ ते ७६, सरासरी ४६.५, जास्तीच्या ताकदीसह ५१.५. ग्रेटस्वोर्ड दहावर: १५ ते ९०, सरासरी ५२.५, जास्तीच्या ताकदीसह ५५.५. म्हणजे आज अडीचचा तोटा, शेवटी चारचा फायदा, आणि तो फायदा दिसण्याआधी बुटक्यांच्या शहराचे मजले कमी माराने काढायचे. हा निर्णय आहे. आरोग्य कमी असेल, बरं करणारी पोशन संपली असतील तर मी नाही म्हणेन. अंगावर बळकट चिलखत असेल तर हो म्हणेन. एकाच माणसाची दोन रनमध्ये दोन उत्तरं येतात, तेव्हा कल्पनेत जीव आहे असं समजा.

बघा, इथपर्यंत कोडची एक ओळही लिहिली नाही. चहाचा कप आणि कॅलक्युलेटर.

पायरी ४: गेममध्ये याचा भाऊबंद आहे का?

नवी गोष्ट जुन्या नियमाच्या शेजारी बसली तर ती परकी वाटत नाही. योद्धा हा नायक निवडला तर त्याच्याकडची मोडकी मुद्रा चिलखतावर लावता येते आणि चिलखत बदलताना ती एक अपग्रेड सोबत घेऊन जाते. म्हणजे ‘थोडं वाचवता येतं, सगळं नाही’ हे तत्त्व गेमला आधीच मान्य आहे. हे मला सापडलं तेव्हा सूचना लिहिणं निम्म्याने सोपं झालं.

मग ती कुठे ठेवायची? लोहार १२ ते १४ मजल्यांदरम्यान एकदाच भेटतो, सोळाव्या मजल्यावरच्या आपल्या प्रसंगापर्यंत तो मागे राहिलेला असतो. ऍल्केमीचं (किमयेचं) भांडं मात्र पुढेही सापडतं, आणि जुन्या वस्तू टाकून नवी काढणं हेच त्याचं काम. जुनी तलवार आणि नवी ग्रेटस्वोर्ड टाका, तलवार कायमची जाते, निम्मे अपग्रेड नव्या शस्त्रात उतरतात. पडद्यावर नवं बटण नाही, नवं पात्र नाही.

पायरी ५: स्वतः बनवून खेळा

जावा, म्हणजे गेम ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलाय ती, येत नसेल तरी घाबरू नका, इथे बहुतेक काम वाचून बदलण्याचं आहे. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरून कोड उतरवा. त्यातल्या ‘डॉक्स’ फोल्डरमध्ये अँड्रॉइड आणि डेस्कटॉपसाठी सुरुवात कशी करायची ते लिहिलंय. डेस्कटॉपच करा. फोनवर टाकून प्रत्येक बदल तपासायचा तर संध्याकाळ जाते, डेस्कटॉपवर ग्रेडलचं (कोडपासून चालणारा गेम बनवणारं साधन) ‘डेस्कटॉप डीबग’ काम चालवलं की खिडकी उघडते.

आपलं सगळं काम ‘कोअर’ फोल्डरमध्ये. शस्त्रं ‘आयटम्स’खाली, शत्रू ‘ॲक्टर्स’खालच्या ‘मॉब्ज’मध्ये, पडद्यावर दिसणारी वाक्यं ‘ॲसेट्स’खालच्या ‘मेसेजेस’मध्ये. ऍल्केमीसाठी ‘रेसिपी’ नावाचा वर्ग आहे, त्यात चार प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात: टाकलेल्या वस्तू चालतात का, खर्च किती, प्रत्यक्ष काय तयार होतं, आणि तयार होण्याआधी नमुना काय दाखवायचा. एखादी जुनी रेसिपी उघडा, तिची नक्कल करा, आतला भाग बदला. नवी रेसिपी दोन घटकांच्या यादीत जोडायला विसरू नका.

माझा एक अख्खा रविवार एका ठिकाणी गेला. रेसिपी बरोबर होती, पण भांड्यात तलवार टाकताच येईना. कारण कोणती वस्तू भांड्याजवळ न्यायची परवानगी आहे, हे ठरवणारी तपासणी त्याच फाइलीत वेगळी आहे, आणि ती हातातली शस्त्रं मुळात अडवते. तिथे तलवारींना वाट दिली की झालं. परवानगी देताना ओळख न पटलेली आणि शापित शस्त्रं बाहेरच ठेवा, नाहीतर शाप धुवायचं फुकट यंत्र तयार होईल.

दरवेळी सोळा मजले उतरून तपासायची गरज नाही. नायकाला सुरुवातीला काय मिळतं ते ‘हीरोक्लास’ फाइलीत आहे. तिथे आठ अपग्रेडची तलवार आणि कोरी ग्रेटस्वोर्ड देऊन टाका. बदल चालतोय एवढं दिसलं की ते काढून टाका आणि खऱ्या रनला लागा.

पायरी ६: दुसऱ्याच्या हातात द्या

गेममध्ये सीड टाकून खेळता येतं: नऊ अक्षरांचा कोड, तोच कोड टाकला की तेच मजले, त्याच वस्तू. एकच सीड एकदा मूळ गेममध्ये आणि एकदा आपल्या बदलासह खेळा. (सापडणाऱ्या वस्तूंच्या यादीत तुम्ही भर घातली असेल तर सीडमधून निघणाऱ्या वस्तूच बदलतात आणि तुलना फसते. नुसती रेसिपी असेल तर ही भानगड नाही.)

पण स्वतः कितीही खेळलात तरी तुम्ही तुमच्या कल्पनेशी प्रेमाने वागता. मी बदललेला गेम असलेला लॅपटॉप मित्रापुढे ठेवला आणि काहीच सांगितलं नाही. सातव्या मजल्यावर त्याने बिनधास्त सगळे स्क्रोल चाबकात घालायला सुरुवात केली. म्हटलं, “अरे, एवढ्या लवकर?” तर म्हणे, “निम्मे परत मिळतात की!”

माझ्या कागदावर हे नव्हतं. मी सोळाव्या मजल्याचा हिशेब केला होता, त्याने पहिल्या मजल्यापासूनची सवय बदलली. निम्मे जातात ही त्याला किंमत वाटलीच नाही, विमा वाटला. त्यावर मी दोन बदल केले. एक, नवं शस्त्र जुन्याहून किमान दोन दर्जे वरचं असलं तरच भांडं काम करतं, म्हणजे एकेका दर्ज्याच्या साखळीने हलवत नेता येत नाही. दोन, एका रनमध्ये हे एकदाच. दुसरा बदल मला अजून आवडत नाही, कारण ‘एकदाच’ हा नियम गेमच्या जगातून आलेला नाही, माझ्या भीतीतून आलाय. बहुतेक पहिला बदल एकटाच पुरेल.

विषम संख्येचंही आधी ठरवा. सात अपग्रेडचे निम्मे साडेतीन. मी खाली उतरवले, तीन. एका अपग्रेडचं शून्य होतं, आणि ते बरंच आहे.

पायरी ७: पाठवायची कशी

शॅटर्डच्या कोडसोबतच स्पष्ट लिहिलंय की बाहेरच्यांचा कोड, म्हणजे पुल रिक्वेस्ट, स्वीकारला जात नाही. सूचना आणि बगचे अहवाल मात्र चालतात. तेव्हा तुमचा कोड हा पुरावा, पाठवायची ती सूचना. इंग्रजीत, आणि लहान. मी अशा क्रमाने लिहितो: कोणता प्रसंग, त्यात आज खेळणारा काय करतो आणि का, बदलानंतर कोणते दोन पर्याय उरतील, आकडे, आणि कुठे बिघडू शकतं. शेवटचा मुद्दा लपवू नका. चाबकाची गोष्ट मी लिहिली, कारण ती निर्मात्याला दोन मिनिटांत दिसली असती.

एका सूचनेत एकच गोष्ट. दहा कल्पनांची यादी कोणी वाचत नाही, मीही नाही. नव्या वाक्यांचा भारही लक्षात घ्या: गेम अनेक भाषांत आहे, स्वयंसेवक भाषांतर करतात, तुमच्या कल्पनेला चार परिच्छेदांचं स्पष्टीकरण लागत असेल तर ते चार परिच्छेद प्रत्येक भाषेत कोणालातरी लिहावे लागतील.

उत्तर आलं नाही तर? बहुतेक वेळा येत नाही. अशा वेळी स्वतःची आवृत्ती काढायचा मार्ग उघडा आहे. परवाना जीपीएल तिसरी आवृत्ती आहे, म्हणजे बदललेला गेम इतरांना देणार असाल तर तुमचा कोडही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागेल. ‘डॉक्स’मध्येच काय काय बदलावं याची यादी आहे: ॲपचं नाव, पॅकेजचं नाव (ज्यावरून फोन ॲप ओळखतो), श्रेयनामावलीत स्वतःची भर (जुनी नावं न काढता), आणि मूळ गेमच्या अपडेटच्या सूचना बंद करणं.

पॅकेजचं नाव बदलायला मात्र खरंच विसरू नका. तेच नाव ठेवून वेगळ्या सहीची फाइल दिलीत तर फोन ती मूळ गेमवर बसवू देत नाही. मग समोरचा वैतागून मूळ गेम काढून टाकतो, आणि त्याच्यासोबत त्याचे बिल्ले, त्याची जिंकलेल्या रनची यादी, सगळं जातं. माझा तो चाबूकवाला मित्र अजून त्यावरून टोमणे मारतो.